मनगटापासून तीन बोटं

रविवार, ११ फेब्रुवारी १९७३

दुसरं इंजेक्शन गुरुवारी झालं. परतताना दौंडला गाडी बदलली तेव्हा ज्या ओकाऱ्या सुरू झाल्या त्या आज सकाळी थांबल्या. पोटात काही नसताना माणूस इतकं काय बाहेर काढतो, हा प्रश्न सातवीच्या पेपरात घालण्यासारखा आहे.

पुण्याच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की मानेतल्या गाठी कॅन्सरच्या आहेत, पण या जातीच्या कॅन्सरला नवीन औषध लागू पडतं. महिन्याला एक अशी सहा इंजेक्शनं पुरी करायची. सांगताना ते इतके खूश दिसत होते की मला वाटलं आता पेढे मागतात. मधेच सोडलंत तर केलेलं सगळं वाया, हेही त्यांनी त्याच आनंदात सांगितलं.

गाठी लहान झाल्या आहेत हे कबूल करायला हवं. केस तर गेलेच. डोक्याला पदर घट्ट गुंडाळून बसते. भेटायला येणाऱ्या बायका माझ्याशी बोलताना पदराकडे बघतात आणि मग घाईघाईने कोनाड्याकडे. आजारी माणसाच्या घरी येणारा प्रत्येक जण डॉक्टर असतो. फी मिळत नाही म्हणून तो लवकर उठतही नाही. आज एकीने गोमूत्र सांगितलं, एकीने कोपरगावचा कोणी हात फिरवणारा सांगितला. त्याच बायका चौदा एप्रिलला विहारासमोर पुढच्या रांगेत बसून माझं अंधश्रद्धेवरचं भाषण ऐकतात आणि माना डोलावतात. आमच्या वस्तीने छप्पन साली धर्म बदलला, देव सोडले. माना डोलवायच्या मात्र सोडल्या नाहीत.

शेजारच्या दगडाबाई तेवढ्या काही सांगत नाहीत. त्या पाणी आणतात. दुष्काळात आमच्या वस्तीची विहीर केव्हाच खडखडीत झाली. स्टेशनवर इंजिनात पाणी भरायचा नळ आहे, तिथून त्या दोन हंडे आणतात. त्यातला एक माझी ओकारी धुण्यात जातो.

बुधवार, १४ फेब्रुवारी

धाकटे दीर सहादू आले होते. यांना गावात चिनी सहादू म्हणतात. बासष्टच्या लढाईत त्यांची पलटण चीनच्या हाती सापडली आणि पुढच्या उन्हाळ्यात सुटून आली. इतर लोक लढाईवरून जखमा आणतात, यांनी गोष्टी आणल्या. तिकडे कैदेत कोबीचं पाणी पिऊन यांना ओकाऱ्या लागल्या तेव्हा एका चिनी डॉक्टरने मनगटात सुई टोचली आणि त्या थांबल्या, ही त्यांची मुख्य गोष्ट. या गोष्टीतला डॉक्टर पहिल्यांदा म्हातारा होता. दरवर्षी तो तरुण होत गेला आणि हल्ली ती बाई झाली आहे.

गेल्या साली अमेरिकेचा अध्यक्ष चीनला जाऊन आला आणि वर्तमानपत्रांत सुयांच्या बातम्या आल्या. तेव्हापासून सहादूभाऊजी एक कात्रण खिशात घेऊन हिंडतात. आज ते माझ्यापुढे पसरलं.

"वैनी, मनगटापासून तीन बोटं वर. दोन शिरांच्या मदी. सुई ग्येली की मळमळ खलास. मी सोता भोगलंय."

मी म्हटलं, "भाऊजी, मी वस्तीत सांगते की मंत्रातंत्राने काही होत नाही. आणि माझ्याच घरात मी सुया टोचून घेऊ?"

"ह्यो मंत्र न्हाई. चिनात देवबीव कोन मानत न्हाई. तुमच्यावानीच हायेत समदे."

हा मुद्दा बरा होता. मी तो त्यांना दिसू दिला नाही.

रविवार, १८ फेब्रुवारी

पुढचं इंजेक्शन घ्यायचं नाही असं ठरवलं. हा निर्णय पूर्ण विचारांती घेतला आहे. कारणं अशी की रजा संपत आली, शाळेत माझ्या वर्गाचे हाल चालले आहेत, दुष्काळात माझ्या एकटीपायी रोज एक हंडा पाणी गटारात जातं, आणि गाठी तशा लहान झालेल्याच आहेत. भीतीचा इथे काही संबंध नाही. पुण्याच्या त्या खोलीचा वास इथे पुणतांब्यात स्वयंपाकघरात बसूनही येतो आणि तोंडाला पाणी सुटतं, हे खरं. पण ती शरीराची सवय असते. मुलांना घंटेचा आवाज ऐकून भूक लागते, तसंच.

ह्यांना सांगितलं. हे म्हणजे भिमाजी, साखर कारखान्यात फिटर आहेत. घरात एरवी पाच शब्द बोलतात आणि तेही नटबोल्टचे. ऐकून उठले आणि दाराची बिजागरी तपासायला लागले. बिजागरीला काहीही झालेलं नव्हतं.

सोमवार, ५ मार्च

शेवटी हो म्हटलं, पण माझ्या अटींवर. बिजागरीनंतर ह्यांनी कडी, खिडकी आणि माझ्या खुर्चीचा पाय दुरुस्त केला. जे मोडलेलं नाही ते दुरुस्त करणाऱ्या माणसाबरोबर राहणं कठीण असतं. म्हणून सांगितलं की तिसरं इंजेक्शन घेते, सहादूभाऊजींची सुई पण घेते, आणि तिच्यात काही नाही हे एकदाच सिद्ध करून टाकते. म्हणजे तो विषय मिटेल आणि इंजेक्शनांचाही.

अटी: सुया वीस मिनिटं उकळायच्या. स्पिरिटच्या दिव्यावर, माझ्या डोळ्यांसमोर. आणि दार लावून. शाळेतल्या बाई चिनी सुया टोचून घेतात हे वस्तीत कळलं तर चौदा एप्रिलला मी कुठल्या तोंडाने उभी राहू.

सुया बघितल्या. चीनहून आणलेल्या म्हणे. मणी ओवायच्या सुया आहेत, श्रीरामपूरच्या बाजारात मिळतात. मी विचारलं तर भाऊजी म्हणाले, "कैंपातल्या हरवल्या वैनी. पन ही बी सुईच हाय."

रविवार, ११ मार्च

तिसरं गुरुवारी झालं. यावेळी भाऊजी पुण्याला बरोबर आले. दवाखान्याबाहेर पडताच त्यांनी धर्मशाळेच्या खोलीत सुई टोचली, मग शुक्रवारी आणि शनिवारी घरी. दुखत नाही. टोचल्या जागी जड वाटतं, हाताला मुंग्या येतात. त्या वेळी भाऊजी श्वास रोखून बसतात, जणू सुई त्यांनाच टोचली आहे.

निष्कर्ष: गुरुवारी संध्याकाळी मी दोनदा ओकले. एरवी हे तीन दिवस चालतं. शुक्रवारी पेज प्याले आणि ती राहिली. शनिवारी अर्धी भाकरी खाल्ली.

याची कारणं मी शोधून ठेवली आहेत. एक, गाडीत खिडकीची जागा मिळाली. दोन, डॉक्टरांनी ओकारीची गोळी बदलून दिली असावी, जरी ते नाही म्हणतात. तीन, शरीराला औषधाची सवय होते. चौथं कारण सुचत नाही पण असणारच.

शास्त्रशुद्ध परीक्षा म्हणून आज मी भाऊजींना सांगितलं, मुद्दाम चुकीच्या जागी टोचा.

ते हातातली सुई पुसत बसले. मग म्हणाले, "दुसरी जागा मला ठाव न्हाई."

"म्हणजे?"

"मला येकच टोचली हुती वैनी. तेवढीच ठाव."

म्हणजे गेली दहा वर्षं गावात डोकं, कंबर, दमा, गरोदरपणाची ओकारी, सगळ्यावर हा माणूस मनगटापासून तीन बोटं वर हीच एक जागा टोचत आला. मी पोट धरून हसले. किती महिन्यांनी हसले कोण जाणे. भाऊजी रागावले नाहीत. त्यांनाही सुटल्यासारखं वाटलेलं दिसलं.

मग मीच बोट ठेवून दाखवलं तिथे, कोपराजवळ, त्यांनी टोचलं. संध्याकाळी ओकले. दुपारची पेज बाजरीची होती, तिचा दोष.

शुक्रवार, १६ मार्च

आज घडलं ते आजच लिहून ठेवायला हवं.

दगडाबाई हंडा ठेवून दारात बसल्या. इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "बाई, तुमची कोनती?"

"कोणती काय?"

"न्हाई म्हंजी, सहादू दार लावून बसतोय. आत दिवा आसतो. धुराचा वास येतोय. आमी काय ल्हान हाओत व्हय. माझी मरीआई. तुमची कोनती?"

मला आधी उलगडाच होईना. मग एकेक करून कळलं. वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं की चिनी सहादू बाईंच्या घरी जातो, दार लागतं, दिवा लागतो आणि बाई दुसऱ्या दिवशी भाकरी खातात. त्यावर आठ दिवसांत असं ठरलं की सहादू चीनहून एक देवी घेऊन आला होता. इतकी वर्षं तिने वाट बघितली, आता बाईंना धरलं. दगडाबाईंना ती देवी फार आवडली होती.

"बोकड मागत न्हाई, कोंबडं मागत न्हाई. सुईवर भागतंय तिचं. लई गरीब देवी हाय बाई."

मी स्पिरिटचा दिवा दाखवला, सुया दाखवल्या, कात्रण वाचून दाखवलं. त्या प्रत्येक गोष्टीला "व्हय, व्हय" म्हणत होत्या. शाळा तपासायला साहेब आले की आम्ही शिक्षकही असंच 'हो, हो' म्हणतो, त्या चेहऱ्याने.

मग म्हणाल्या, "तुमीच देवी ठिवली म्हनल्यावर मी बी माझी भायेर काढली. किती वरसं उतरंडीच्या तळाला बसवली हुती. आता फळीवर ठिवली. बरं वाटतंय तिला."

मी म्हटलं, "दगडाबाई, तुमची मरीआई तुम्ही माझ्यासमोर गोदावरीत सोडलीत. सहा वर्षं झाली. मी दरवर्षी भाषणात तुमचं नाव घेते."

"ती सुपारी हुती बाई. फडक्यात गुंडाळलेली."

सहा वर्षं मी हजार लोकांसमोर एका सुपारीचं उदाहरण देते आहे. टाळ्याही तिथेच पडतात.

मंगळवार, २० मार्च

विहार समितीचे अध्यक्ष रंभाजी आले. रेल्वेत पॉइंट्समन आहेत. माणूस सरळ आहे, रुळासारखा, आणि तितकाच वाकत नाही. म्हणाले की वस्तीत तीन घरांत देव बाहेर आले. एकीने खंडोबा काढला, एकीने कुठली तरी माऊली, आणि तिघीही म्हणतात की बाईंची चिनी चालते तर आमच्या गावातल्या देवांनी काय घोडं मारलंय.

"बाई, एक काय ते सांगा. सुई शास्त्र आसंल तर पुस्तक दाखवा. न्हाईतर चौदा तारखेला माईकवर सांगा की ते थोतांड हाय. मधलं चालनार न्हाई."

त्यांची सगळी वाक्यं माझ्या गेल्या वर्षीच्या भाषणातली होती. 'मधलं चालणार नाही' हे तर मी टेबलावर हात आपटून म्हणाले होते. आपलीच वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की इतकी कर्कश लागतात हे ठाऊक नव्हतं.

मी म्हटलं, भाषणात सांगेन. यंदाचं भाषण मला करायचंच आहे. पुढच्या वर्षी दुसरं कोणी करेलच.

रविवार, २५ मार्च

सहादूभाऊजींचा पाय सुजलाय. चिनी देवीची कीर्ती वाढल्यावर त्यांना कोणी घोडेगावच्या बाजारात नेलं. चारा नाही म्हणून लोक जनावरं मिळेल त्या भावाला विकताहेत. एका शेतकऱ्याचा बैल खाणं सोडून बसला होता, त्याच्यावर इलाज करायला. भाऊजींनी बैलाच्या पुढच्या पायाला मनगट कुठे असेल याचा विचार केला आणि तीन बोटं मोजली. बैलाचाही विचार झाला.

"खाल्लं का मग त्याने?" मी विचारलं.

"लाथ मारली म्हंजी ताकद आली वैनी."

हा माणूस आयुष्यात हरणार नाही. मला त्याचा हेवा वाटला, असं इथे लिहून ठेवते. इथे कोणी वाचत नाही.

शुक्रवार, ६ एप्रिल

काल चौथ्यासाठी पुण्याला गेले आणि तसंच परत पाठवलं. रक्त तपासलं, त्यातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्यात. पुढच्या गुरुवारी या म्हणाले. म्हणजे बारा तारीख. चौदाला भाषण. डॉक्टरांना मी सांगितलं की ती तारीख मला सोयीची नाही. ते म्हणाले, कॅन्सरलाही विचारून बघा.

भाऊजींनी आगाऊपणे सुयांचं सगळं सांगून टाकलं, कात्रणासकट. मला वाटलं डॉक्टर हसतील. हसलेच. मग माझं मनगट हातात घेऊन टोचल्याच्या खुणा बघितल्या आणि हसू गेलं.

"पेशी कमी असताना सुई अजिबात नाही. उकळलेलीही नाही. जंतू गेला तर कॅन्सरच्या आधी तोच नेईल. फार वाटलं तर त्या जागी अंगठ्याने दाबा. माझी हरकत नाही."

"दाबून उपयोग होतो?" मी विचारलं.

"मला माहीत नाही. सुईने का होतो हे तरी कुठे माहीत आहे. तुम्ही इंजेक्शन चुकवू नका, बाकी काय हवं ते दाबा."

इतका शिकलेला माणूस 'माहीत नाही' म्हणतो आणि त्याचं काही बिघडत नाही. मी पंचवीस वर्षं शिकवते आहे, वर्गात एकदाही म्हटलेलं आठवत नाही.

परतताना भाऊजी कात्रणाची घडी उघडत-मिटत बसले होते. राहुरीच्या पुढे म्हणाले, "नुसतं दाबायचं म्हंजी कुनीबी दाबंल. मग माझं काय ऱ्हायलं?"

शुक्रवार, १३ एप्रिल

काल चौथं झालं. भाऊजींनी अंगठ्याने दाबून बघितलं, पण त्यांचं मन लागत नाही. सुई नसली की ते सैनिक राहत नाहीत, नुसते दीर राहतात. ह्यांनी दाबलं तर नट आवळावा तसं. मनगटावर निळा डाग पडला. डाग बघून हे बाहेर जाऊन बसले.

दुपारी दगडाबाई हंडा घेऊन आल्या. मी ओकारीच्या तसराळ्यावर ओणवी होते. त्यांनी हात पुसले, कुठे दाबायचं ते भाऊजींना विचारलं, आणि अंगठा ठेवला. चाळीस वर्षं भाकरी थापलेला हात. जोर किती लावायचा हे त्याला सांगावं लागत नाही. घटकाभराने मी उठून बसले. जागा तीच, जोर थोडा कमीजास्त, त्यामुळे फरक पडत असावा.

त्यांनी जाताना विचारलं, "उद्या भाषनात माझं नाव घ्येनार का?"

मी म्हटलं, उदाहरणाशिवाय भाषण होत नाही.

त्या हंडा उचलून गेल्या. भाषण लिहून तयार आहे. सुई थोतांड, देवी थोतांड, सगळं एका ओळीत बसवलं आहे. रंभाजींना आवडेल.

आणखी एक ठरवलं. हे चौथं शेवटचं. चार म्हणजे निम्म्याच्या वर झाली. मला आता ते जमत नाही.

रविवार, १५ एप्रिल

कालचं लिहायला हवं. जसं झालं तसं.

विहारासमोर मांडव, निळे झेंडे, माईक. दुष्काळी कामावरून बायका थेट आल्या होत्या, पायांवर खडी फोडल्याची धूळ. रंभाजींनी माझी ओळख करून दिली, त्यात 'निर्भीड' हा शब्द तीनदा आला. मी उभी राहिले.

पहिलं पान ठीक गेलं. दुसऱ्यावर टेबल हलायला लागलं. टेबल हलत नव्हतं हे नंतर कळलं. तोंडात पाणी भरलं. मी थांबले, घोट गिळला, एक वाक्य म्हटलं, परत थांबले. समोर भाऊजी उठले तशी रंभाजींनी हाताने त्यांना खाली बसवलं. चिनी देवी माईकजवळ नको होती.

मग बायकांच्या रांगेतून दगडाबाई उठल्या. त्यांना कोणी अडवलं नाही, म्हाताऱ्या माणसाला कोण अडवणार. व्यासपीठाच्या फळीवर चढल्या, माझा डावा हात ओढून घेतला आणि अंगठा ठेवला. हजार माणसांसमोर. उजव्या हातात माझं भाषण होतं. मी वाचायला लागले. मळमळ ओसरत गेली आणि आवाज परत आला. अंधश्रद्धा, बुवाबाजी, अंगारे, सगळं खणखणीत म्हटलं. लोक हसत होते. मी वर बघितलं तर ते माझ्या हाताकडे बघत होते.

तिसऱ्या पानावर तो परिच्छेद आला. 'आपल्याच वस्तीतल्या दगडाबाईंनी.' मी 'आपल्याच वस्तीतल्या' पर्यंत वाचलं. मनगटावरचा अंगठा सैल झाला. किंचितच. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही, समोर बघत उभ्या होत्या.

मी पान उलटलं. त्याला कारण निव्वळ वैद्यकीय होतं.

पण तो परिच्छेद गेला आणि पुढच्याला काही आधार राहिला नाही. पुढचं वाक्य 'म्हणूनच' ने सुरू होत होतं. म्हणूनच काय ते मला सांगता येईना. माईकमधून माझा श्वास सगळीकडे ऐकू जात होता. आणि मग अशक्तपणामुळे माझ्या तोंडून निघून गेलं की मला मरायची भीती वाटते. मी पुढची इंजेक्शनं घेणार नाही असं काल ठरवलं, आणि मी शाळेचं, पाण्याचं, रजेचं कारण सांगते, पण मला त्या ओकाऱ्यांची भीती वाटते आणि मरायचीही वाटते, दोन्हींची एकदमच वाटते. या बाईने हात धरला की कमी होतं. देवी नाही. सुई पण नाही आता. का होतं ते मला माहीत नाही.

'माहीत नाही' हे माईकवर फार मोठ्याने गेलं.

कोणी हसलं नाही. ह्यांनी मांडवाच्या खांबाला हात लावून बघितला, पक्का आहे की नाही.

दगडाबाई म्हणाल्या, "बसून बोला बाई." अंगठा परत घट्ट झाला होता. मी बसले, पण बोलायचं काही उरलं नव्हतं. रंभाजींनी आभार मानले. बाईंची प्रकृती बरी नसतानाही त्यांनी विचार मांडले, असं म्हणाले. कुठले ते म्हणाले नाहीत. टाळ्या नेहमीपेक्षा जास्त पडल्या. विषय कोणाला कळला नाही म्हणून असेल.

उतरताना त्या मला म्हणाल्या, "पुन्याला पुढच्या बारीला मी येते संगं."

"मी जाणार नाही असं आत्ताच सांगितलं ना मी."

"व्हय, ऐकलं की. कंच्या गाडीनं जायाचं?"

शुक्रवार, ११ मे

पाचवं काल झालं. धर्मशाळेत राहून आज दुपारी निघालो. हे दौंडच्या फलाटावर लिहिते आहे, मनमाडकडची गाडी उशिरा आहे.

वस्तीत तिन्ही घरांतले देव अजून फळीवर आहेत. रंभाजी मला नमस्कार करतात पण थांबत नाहीत. मला त्यांचं पटतं. ते बरोबर आहेत आणि पुढच्या वर्षी मी असले तर त्यांच्याच बाजूने बोलणार आहे. दगडाबाईंनी बरोबर एक पिशवी आणली आहे. तिच्यात भाकरी आहे, कांदा आहे आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी आहे. सुपारीच्या आकाराचं नाही. मी विचारलं नाही.

काल दवाखान्यात मी त्या खोलीच्या दारातच ओकले, इंजेक्शनच्या आधी. सिस्टरने लादी पुसून घेतली. नंतर खाटेवर पडल्यावर दगडाबाईंनी हात धरला तो जेवायच्या वेळा सोडल्या तर सोडलेला नाही. मधे एकदा नवी सिस्टर ओरडली की म्हातारीला आत कोणी घेतलं. दगडाबाई तिला म्हणाल्या, "मी औषीध हाय."

आत्ता बाकावर बसल्या बसल्या त्यांना झोप लागली आहे. तोंड उघडं, पदर खाली, ऊन अंगावर. माझं डावं मनगट त्यांच्या मुठीत आहे, पण अंगठा जागेवरून सरकलाय, दोन बोटं तरी इकडे. दाब तर अजिबात नाही. भाऊजींच्या हिशेबाने ही चुकीची जागा झाली. मला मात्र बरं वाटतंय. थोडी भूकही आहे.

परीक्षेची याहून चांगली संधी मिळणार नाही. हात अलगद सोडवून घ्यायचा, पंधरा मिनिटं थांबायचं आणि काय होतं ते लिहून ठेवायचं. इतके दिवस मी हेच तर म्हणत होते. अजून एक इंजेक्शन आहे, तेव्हा बघू. आज मी हात काढून घेतला नाही.